मोटारसायकलच्या चक्रास दांत किती?

मोटारसायकल घेतल्यावर पहिल्या वर्षभरांत तिचें दंतचक्र बदलण्याची इच्छा ज्यास झाली नाहीं असा तरुण विरळा. कोणी म्हणतो, गाडीला पिकप नाहीं. कोणी म्हणतो, हमरस्त्यावर एंजिन फार ओरडतें. दोघेहि एकाच गॅरेजांत जातात. एक पुढील स्प्रॉकेटचा एक दांत कमी करून घेतो, दुसरा एक वाढवून घेतो. दोघांचीहि तक्रार खोटी नव्हे. परंतु पैसे मोजण्यापूर्वीं दोघांनाहि आम्हांस एकच प्रश्न विचारावासा वाटतो: आपण गाडी बहुतेक वेळ कोणत्या रस्त्यावर चालवितां, आणि मागें कोणास बसवून?

या चक्रांचें मर्म सायकलवर शाळेस येणाऱ्या विद्यार्थ्यासहि कळण्याजोगें आहे. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ले यानें ‘रोव्हर’ सायकल पुढें आणली. उंच सायकलीच्या त्या काळांत पायडल पुढच्या चाकासच जोडलेलें असे व वेग हवा तर तें चाकच प्रचंड करावें लागे. सांखळी व दोन दंतचक्रें यांनीं ती अडचण दूर केली. सायकलचें पुढील चक्र मोठें व मागील लहान असतें, कारण मनुष्याचे पाय मिनिटास साठसत्तर फेरेच घेणार. मोटारसायकलची गोष्ट नेमकी उलट. तिचें एंजिन मिनिटास हजारों फेरे घेतें. ते कमी करून त्यांच्या मोबदल्यांत जोर मिळवावयाचा असतो.

समजा, पुढील चक्रास १४ व मागील चक्रास ४२ दांत आहेत. म्हणजे पुढील चक्र तीनदां फिरेल तेव्हां मागील एकदां फिरेल. पुढें १३ दांतांचें चक्र घातल्यास हें प्रमाण ३.२३ होतें. मागील चाकास सुमारें ८ टक्के अधिक जोर मिळतो. पण शेवटच्या गियरमध्यें ताशीं ६० किलोमीटरला जें एंजिन ५००० फेरे घेत असेल तें आतां जवळजवळ ५४०० घेऊं लागतें. उलट १५ दांतांचें घातल्यास फेरे ४७०० च्या आसपास उतरतात व जोरहि त्याच मानानें घटतो. पुढील एक दांत मागील तीन दांतांच्या बरोबरीचा आहे, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. ज्यास बारीक फरक पाहिजे त्यानें मागील चक्रास हात घालावा.

पुढील चक्र मोठें केलें कीं गाडीचा सर्वाधिक वेग वाढलाच, ही समजूत तर बहुतेक लहान गाड्यांच्या बाबतींत निव्वळ भ्रम होय. ताशीं ८० वरून १०० वर जावयाचें तर वाऱ्याशीं झगडण्यास लागणारी शक्ति जवळजवळ दुप्पट होते. ती एंजिनापाशीं नसेल तर शेवटच्या गियरमध्यें गाडी पूर्वींपेक्षां हळूच धांवते. बुरूज बांधण्यापूर्वीं खर्चाचा हिशेब न करणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आमच्या वाचकांस ठाऊक आहेच.

एंजिनाचा स्वभावहि पाहिला पाहिजे. जुन्या ३५० सी. सी. बुलेटचा सिलिंडर ७० मिलिमीटर रुंद व दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. असें एंजिन मंद फेऱ्यांवरहि ओढतें, व पुढील चक्राचा एक दांत वाढविला तरी फारसें कुरकुरत नाहीं. १९८५ ते १९९६ पर्यंत आपल्याकडे विकली गेलेली यामाहा आर. एक्स. १०० ही ९८ सी. सी. ची दोन-स्ट्रोकी गाडी. तिचा सारा जोर वरच्या फेऱ्यांत. बुलेटवाल्या मित्राचें पाहून तिच्या धन्यानें तेंच केलें, तर गाडीचा प्राणच हरपावा.

आतां रस्त्याचा विचार. ज्या महामार्गांसाठीं तरुण मोठें चक्र घालूं पाहतात, त्यांपैकीं सर्वांत सपाट व मोकळे मार्ग त्यांना बंदच आहेत. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर दुचाकीस मज्जाव आहे, आणि २०२५ सालीं पूर्ण झालेल्या समृद्धि महामार्गावरहि तसाच. दुचाकीच्या वांट्यास उरतो तो खोपोलीहून खंडाळ्यास चढणारा जुना घाट, कसारा घाट, आंबोली, आणि गांवोगांवचे गतिरोधक. घाटांत पुढें उसांचा ट्रक, मागें घरचें माणूस व मांडीवर पिशवी, अशा वेळीं ट्रकास ओलांडण्याकरितां मूठ पिळली असतां गाडी तत्काळ उचलली पाहिजे. ती दोन क्षण घुटमळली तर समोरून वळणावर येणारी एस. टी. थांबावयाची नाहीं. उतरणीवरहि तेंच, पुढील चक्र मोठें असेल तर त्याच गियरमध्यें एंजिन गाडीस कमी आवरतें, आणि सारा भार ब्रेकवर पडतो.

यास्तव आमचें मत स्पष्ट आहे. लहान एंजिनाच्या गाडीस कारखान्यानें दिलेलें चक्र तसेंच ठेवावें. बदलणें अवश्यच असेल तर जोराच्या बाजूस बदलावें, व तेंहि एका दांतापुरतें. मोठ्या एंजिनाची गाडी घेऊन जो दर आठवड्यास कोल्हापूर-पुणें करतो, त्यानें एक दांत वाढविल्यास आम्ही त्यास दोष देणार नाहीं. त्याचे तासन् तास सरळ रस्त्यावर जातात, आणि एंजिनाची कंपनें मनगटांस थकवितात. मात्र नित्य दोघे बसून घाट चढणाऱ्यानें त्याचें अनुकरण करूं नये. गियरच्या दुचाकीचा परवाना अठराव्या वर्षीं मिळतो. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस विचार करण्यास तोंवर वेळ आहे.

चक्र बदलण्याची योग्य वेळ सांखळी झिजून बदलावयास येते तीच. कारण झिजलेली सांखळी नव्या चक्राचे दांत लवकर खाते. तोंपर्यंत महिनाभर एक टिपणवही जवळ ठेवावी. शेवटचा गियर टाकल्यावर थोड्याशा चढणीवर किंवा समोरच्या वाऱ्यांतहि वारंवार खालीं यावें लागत असेल, तर दांत कमी करण्यास आधार आहे. उलट शेवटच्या गियरमध्यें असतांनाहि पाय आणखी एक गियर शोधीत असेल, आणि हें दोघे बसले असतांनाहि घडत असेल, तर मग खुशाल वाढवावा.