भाऊ टिकले, भिंत वाहून गेली

राजारामपुरीतल्या एका आर्किटेक्टच्या टेबलावर या आठवड्यात एक ओली शीट वाळत पडली होती. चार कोपऱ्यांवर टाइल्सचे चार नमुने ठेवलेले. जुन्या घराला वाढीव मजला घ्यायचा, त्याच्या मंजूर नकाशाची साईटवरची प्रत. गवंड्याने ती घडी करून शर्टाच्या आत ठेवली होती. गगनबावड्याच्या बाजूने आलेल्या सरीने शर्ट, गवंडी आणि नकाशा तिघांनाही सारखंच भिजवलं.

शीट वाळली तेव्हा जुनं घर जागच्या जागी होतं. काळीभोर एकही रेघ हललेली नाही. नव्या खोलीच्या, नव्या जिन्याच्या जागी मात्र पेरूच्या फोडीसारखा गुलाबी डाग. "सायेब, ह्यात जिना कुठं हाय?" हा गवंड्याचा प्रश्न. ज्या दुकानातून प्रिंट काढली, त्या दुकानदाराचं उत्तर त्याहून भारी: "पावसात कशाला न्यायची शीट?" जुलै महिन्यात कोल्हापुरात असं विचारायला छाती लागते.

दुकानाचं आणि यंत्राचं नाव सांगण्यात हशील नाही. दुकानदाराने छत्तीस इंची कलर प्लॉटर घेताना किंमत विचारली, वेग विचारला, हप्ता विचारला. शाई कसली, हे विचारलं नाही. विकणाऱ्यानेही आपणहून सांगितलं नाही.

शाई दोन जातीची असते. डाय शाईत रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. कागदात मुरला तरी पुन्हा पाणी भेटलं की वाट फुटेल तिकडे निघतो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण पाण्यात नुसते तरंगत असतात. पाणी उडून गेलं की कण कागदाच्या तंतूंना धरून बसतात, पुढच्या पाण्याला दाद देत नाहीत. आता गंमत अशी, की नकाशासाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच प्लॉटरांत दोन्ही जाती एकत्र नांदतात: काळी पिगमेंट, रंगीत तिन्ही डाय. एचपीच्या डिझाइनजेट टी-650 च्या माहितीपत्रकात हे उघड छापलेलं आहे. कॅननच्या टीएम मालिकेत पाचही शाया पिगमेंट, एप्सनच्या शुअरकलर टी-5170 मध्ये चारही. तेही छापलेलंच आहे. वाचायचं कुणी, एवढाच प्रश्न.

आणि आपल्याकडे नकाशाला रंग हौसेने लावत नाहीत. बांधकाम परवानगीच्या नियमांत रंग ठरलेले आहेत: प्लॉटची हद्द जाड काळी, अस्तित्वातलं बांधकाम काळं, पाडायचं ते पिवळ्या रेघोट्यांनी, प्रस्तावित ते लाल. अशा प्लॉटरमध्ये सहसा लाल शाईची वेगळी बाटली नसते. मॅजेंटा आणि पिवळा एकत्र आले की लाल होतो, आणि हे दोन्ही डायवाले निघाले तर जे अजून बांधायचंय नेमकं तेच पहिल्या पावसात जातं.

याच साईटसमोरच्या चौकात एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. वाढदिवस जूनमध्ये झाला. मृगापासून भाऊ पावसात उभे आहेत. गळ्यातली चेन पिवळीधमक, कपाळावरचा टिळा लालभडक, हसण्यात तसूभर फरक नाही. फ्लेक्सवर या सदराने किती शाई सांडली, हे वाचकांना ठाऊक आहे, आणि "झालं का पुन्हा सुरू" म्हणणारेही ठाऊक आहेत. तरीही सांगायलाच हवं. फ्लेक्सची शाई सॉल्व्हंटची असते. ती प्लास्टिकच्या पृष्ठभागाला किंचित मऊ करून त्यात रुतते, म्हणून पाणी वरून ओघळून जातं. म्हणजे रंग पावसात टिकवायचा कसा, हे गावाला माहीत नाही असं नाही. चौकातल्या भाऊंसाठी ते वापरलं जातं. घराच्या जिन्यासाठी कुणाला सुचत नाही. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमापर्यंत पोचलेल्या बाबूराव पेंटरांच्या गावात रंगाची एवढी पारख उरली. फ्लेक्सने हातरंगाईचे पेंटर घालवले, तेव्हाच शाईबद्दल प्रश्न विचारायची सवयही गेली असावी. याला पुरावा नाही. प्रस्तुत स्तंभलेखकाचा राग आहे.

"मग ब्लॅक अँड व्हाइटच काढा की," असा एक व्यवहारी सल्ला अशा वेळी येतोच. तो पूररेषेच्या नकाशावर लावून बघावा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदी, निळी ते लाल यांच्या मध्ये अटी. या नकाशाची साधी झेरॉक्स काढली की दोन्ही रेषा राखाडी होतात. आणि डाय शाईत काढून पावसात नेला, तर पुराच्या आधी पूररेषाच वाहून जाते. 2019 आणि 2021 पाहिलेल्या माणसाला हा विनोद फारसा हसवणार नाही.

डाय शाईचीही बाजू आहे. रंग खुलतात, ग्लॉसी कागदावर गिऱ्हाइकाला दाखवायचं एलिव्हेशन झकास दिसतं. एसीच्या केबिनमध्ये लॅमिनेट करून लावायचं असेल तर बिनघोर घ्यावी. साईटवर नेऊ नये, इतकंच.

बाकीच्या गोष्टी झटपट. ए-1 शीट 594 मिलिमीटर रुंद, म्हणून 24 इंची प्लॉटर पुरतो. ए-0 ला 841 लागतात, तिथे 36 इंचीच हवा. मोठं यंत्र स्वस्त पडलं म्हणून नाचू नये, कार्ट्रिज किती मिलिलिटरचं ते बघावं: कुठे रंगाचं 29, कुठे 130, कुठे 300. महिन्याला दोनशे शीट काढणाऱ्याला पहिला प्रकार शेवटी महागच पडतो. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांनी यंत्र मोल्डिंगच्या धुळीपासून लांब, बंद खोलीत ठेवावं, नाहीतर हेड चोक होतंच. आणि दुरुस्तीचा माणूस कोल्हापुरात आहे की पुण्याहून यायचाय, हे घेण्याआधी विचारावं.

अचूकतेबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. कंपन्या 0.1 टक्क्याची हमी देतात. ए-0 च्या 1189 मिलिमीटर लांबीवर हा फरक जेमतेम 1.2 मिलिमीटर. एकास शंभरच्या प्रमाणात तो जागेवर बारा सेंटिमीटर होतो, म्हणजे अर्ध्या विटेच्या भिंतीएवढा. शिवाय एचपीच्या तळटिपा वाचल्या तर ही हमी 23 अंश तापमानात, 50 ते 60 टक्के आर्द्रतेत, पॉलिस्टरच्या मॅट फिल्मवर मोजलेली आहे. आपल्या श्रावणात साधा बाँड पेपर दमट हवेने फुगतो, त्याला ही हमी लागू नाही. म्हणून शीटवर पट्टी लावून माप काढू नये, लिहिलेलंच माप धरावं. जुने ओव्हरसिअर हे ओरडून सांगत, तेव्हा त्यांना खडूस म्हणायची पद्धत होती.

राजारामपुरीच्या आर्किटेक्टने नवी शीट दुसरीकडून काढून आणली. देण्याआधी दुकानातच लाल भिंतीवर बोट ओलं करून फिरवलं. दुकानदार जरा चिडला, रेघ हलली नाही. प्लॉटर घ्यायला निघालेल्यांनीही तेच करावं: डेमोला जाताना स्वतःचा नकाशा न्यावा, लाल रंग भरपूर असलेला, साध्या बाँड पेपरवर काढायला लावावा, पाच मिनिटं वाळू द्यावा आणि वर पाणी ओतावं. विकणारा ओतू देत नसेल, तर पुढच्या दुकानात जावं.

— ओळंबा