विश्लेषण : भर समुद्रात वर आलेला पाणबुड्या बोटीला दिसतो कसा?

मालवण-तारकर्लीत स्कूबाची पहिली चव घेतलेले अनेक मराठी पर्यटक पुढे प्रशिक्षण घेऊन अंदमान, नेत्राणी, मालदीव किंवा बालीच्या समुद्रात उतरतात. तेथे अनेक ठिकाणी प्रवाहाबरोबर वाहत जाऊन पोहावे लागते. बोट नांगर टाकून थांबत नाही, वर आलेल्या माणसांना शोधून उचलते. हा शोध सोपा करणारे साधन म्हणजे सरफेस मार्कर बोया, अर्थात ‘एसएमबी’. तो कसा निवडावा, कसा फुगवावा?

एसएमबी म्हणजे काय?

भडक रंगाची, हवा भरल्यावर पाण्यावर उभी राहणारी कापडी नळी. एक प्रकार बुडी मारण्यापूर्वीच फुगवतात आणि दोरीने सोबत ओढत नेतात. दुसरा गुंडाळून खिशात ठेवतात आणि बुडीच्या शेवटी पाण्याखालूनच वर सोडतात. बहुतेक हौशी पाणबुडे हा दुसरा प्रकार वापरतात. ‘खाली माणूस आहे, जपून चालवा’ आणि ‘आम्ही येथे वर येत आहोत’ असे दोन संदेश त्यातून बोटींना मिळतात.

धोका खरोखर किती?

पाण्यावर आलेल्या माणसाचे फक्त डोके दिसते. लाटा थोड्या उंच असल्या की तेही काही अंतरावरून दिसेनासे होते. एप्रिल २०२२ मध्ये मलेशियातील मर्सिंगजवळ प्रशिक्षणासाठी उतरलेले चौघे वर आले, तेव्हा बोट जागेवर नव्हती. प्रशिक्षक महिला दुसऱ्या दिवशी सापडली, आणखी दोघे चौथ्या दिवशी. चौदा वर्षांचा मुलगा वाचला नाही. बोटच निघून गेली तर बोया तिला परत आणू शकत नाही. मात्र शोध सुरू झाल्यावर किंवा जवळून दुसरी होडी जाताना दिसण्याची शक्यता त्याच्यामुळे वाढते.

खरेदी करताना काय पाहावे?

पहिली बाब उंची. खुल्या समुद्रासाठी लहान बोया कामाचा नाही. दीड मीटर किंवा त्याहून उंच असलेला बरा. रंग नारिंगी किंवा पिवळा. काही ठिकाणी पिवळा म्हणजे संकट असा संकेत पाळतात, पण तो सर्वत्र सारखा नाही. त्यामुळे बोटीवरच विचारून घ्यावे. तळाशी उघडा असलेला बोया भरायला सोपा, पण पाण्यावर आडवा झाला की हवा निसटते. आपोआप बंद होणाऱ्या तोंडाचा बोया अधिक भरवशाचा. जादा हवा बाहेर सोडणारी झडप असावी, नाहीतर वर जाताना शिवण उसवू शकते. दोरी बोया सोडण्याच्या खोलीपेक्षा लांब हवी. नवशिक्यांसाठी हँडलच्या रिळापेक्षा साधी फिरकी सोयीची, कारण ती अडकण्याची शक्यता कमी असते.

हवा किती भरायची?

येथे बॉइलचा नियम कामी येतो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. म्हणून तेथे अर्धा भरलेला बोया वर पोहोचेपर्यंत पूर्ण फुगतो. वीस मीटरवर एक तृतीयांश हवा पुरते. पाच मीटरवर मात्र दोन तृतीयांश भरावा लागतो. एक मीटर उंच आणि सपाट असताना १५ सेंटीमीटर रुंद असलेल्या बोयात सुमारे सात लिटर हवा मावते. म्हणजे दहा मीटरवरून साडेतीन लिटर, साधारण दोन मोठे उच्छ्वास, पुरेसे होतात.

फुगवताना चूक कोठे होते?

पूर्ण भरलेला हाच बोया सुमारे सात किलोच्या ताकदीने वर ओढतो. फिरकी जाकिटाला अडकवलेली असेल किंवा दोरी बोटाला गुंडाळली गेली, तर माणूसही सोबत खेचला जातो. वेगाने वर आल्यास फुप्फुसांना इजा होऊ शकते. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोकाही असतो. म्हणून आधी पाण्यात स्थिर व्हावे, वर पाहावे, बोया शरीरापासून दूर धरावा आणि मगच हवा भरावी. श्वास रोखून धरू नये. फिरकी अडकली तर ती सोडून द्यावी. बोया गेला तरी चालेल. वर पोहोचल्यावर दोरी ताणलेली ठेवावी. ती सैल पडली की बोया आडवा होतो.

प्रत्येकाने विकत घ्यावा का?

मालवणात प्रशिक्षकाच्या सोबतीने उथळ पाण्यात एकदाच उतरणाऱ्याने तो घेण्याची गरज नाही. प्रमाणपत्र घेऊन खुल्या समुद्रात जाणाऱ्याकडे मात्र स्वतःचा बोया, शिट्टी आणि छोटी विजेरी असावी. जोडीदारापासून ताटातूट झाली, तर त्याच्या खिशातला बोया आपल्या उपयोगाचा नसतो. आणि सराव तरणतलावात किंवा शांत पाण्यात आधीच व्हायला हवा. प्रवाहात वाहत असताना पहिल्यांदा घडी उलगडायची वेळ आली, तर चांगल्यातला चांगला बोयाही कामी येईलच असे नाही.