चूल बसवली, शिकवली नाही

‘खेड्यातल्या बायका ऐकत नाहीत. सुधारित चूल बसवून दिली तरी पुन्हा तीन दगड मांडतात.’ हे वाक्य ग्रामीण ऊर्जेच्या बैठकांत इतक्या सहज म्हटलं जातं, की ते तपासायची गरज कुणालाच वाटत नाही. माझा त्याला साफ विरोध आहे.

राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला. २००२ मध्ये तो गुंडाळला, तोवर देशात तीन कोटींहून अधिक चुली बसल्या होत्या. हिशेब होता तो बसवलेल्या चुलींचा, पेटणाऱ्या चुलींचा नव्हे. या धुराड्याच्या सुधारित चुलीचं तोंड मुद्दाम बेताचं ठेवतात, म्हणजे धूर वर ओढला जातो. पण भाकरी तव्यावरून उतरवली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना लावून फुगवायची असते. तिला जागा पुरेना, म्हणून बाईने तोंड फोडून रुंद केलं आणि धूर घरात आला. यात अडाणीपणा कसला? तोंड लहान का, हे तिला सांगितलं नव्हतं. भाकरी कशी भाजतेस, हे तिला विचारलं नव्हतं.

हॅना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांचा सुधारित चुलींवरचा ओडिशातला अभ्यास विरोधक पुढे करतात. जरूर करावा. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर घटला. पुढे देखभाल झाली नाही आणि फायदा ओसरला. म्हणजे चूल चालत होती, तिच्यामागे उभं राहणारं कुणी नव्हतं.

गोबरगॅसचंही तेच. नळीत वाफेचं पाणी साठलं की शेगडी फडफडते, विझते. पाणी काढून टाकणं चार मिनिटांचं काम. ते माहीत नसल्याने धडधाकट संयंत्र ‘बंद’ ठरतं आणि पुढे त्यात शेणही पडत नाही.

‘आता उज्ज्वला आली, हा खटाटोप कशाला?’ या सरकारी गॅसयोजनेतून २०१६ पासून घरोघरी सिलिंडर पोचले, ही मोठीच गोष्ट. पण तो पुन्हा भरायला रोख लागते आणि अंघोळीचं पाणी अजून अंगणातल्या लाकडांवरच तापतं.

शिकवलं तर गाव शिकतं. राजस्थानातल्या तिलोनियात अक्षरओळख नसलेल्या बायका रंगांच्या खुणांवरून सौरदिव्यांची सर्किटं जोडायला शिकल्या. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने ग्रामीण कारागिरांना सुधारित चुली घडवून विकायला शिकवलं. चूल बिघडली तर जायचं कुणाकडे, हे तिथे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं.

म्हणून मागणी एवढीच: प्रत्येक योजनेतला काही पैसा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढा, ते काम गावातल्याच एखाद्या बाईला शिकवा आणि तिला त्याची मजुरी द्या.