उसनी शिल्लक

मे-जून महिना उजाडला की बँकेच्या शाखांमधून एक परिचित दृश्य दिसू लागते. हातात प्लॅस्टिकची फाइल, तीत परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र आणि चेहऱ्यावर अभिमान व काळजी यांचे मिश्रण घेऊन आई-वडील व्यवस्थापकांसमोर बसतात. मागणी साधीच असते. मुलाच्या व्हिसासाठी खात्यातील शिलकेचा दाखला हवा. मग आवाज किंचित खाली येतो. ‘‘मेहुण्यांचे पंधरा लाख सोमवारी खात्यात येतील. दाखला हाती पडला की शुक्रवारी परत करायचे आहेत. काही अडचण नाही ना?’’

अडचण आहे, आणि ती बँकेची नसून त्या कुटुंबाची आहे. त्या दिवशी खात्यात पंधरा लाख होते, हे दाखल्यातील विधान खरेच असेल. परंतु त्यावरून वाचणाऱ्याने जे समजावे अशी आपली अपेक्षा असते, ते मात्र खरे नसते. शब्दाने खरा आणि अर्थाने खोटा, असा हा व्यवहार आहे. ‘सगळेच असे करतात’ या एका वाक्यावर तो आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आला आहे.

निरनिराळ्या देशांचे नियम पाहिले म्हणजे ही पळवाट त्यांना ठाऊक आहे, हे ध्यानात येते. ब्रिटनला पहिल्या वर्षाचे शुल्क व नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस दिसावी लागते. मधल्या एका दिवशी जरी ती कमी झाली, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. शिवाय खाते विद्यार्थ्याचे स्वतःचे किंवा आई-वडिलांचे असावे लागते. काका-मामांच्या खात्यात कितीही पैसा असला, तरी तो तेथे मोजला जात नाही. जर्मनीची पद्धत याहून सरळ आहे. तेथे सामान्यतः वर्षभराचा निर्वाह खर्च आधीच एका बंदिस्त खात्यात ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो ठरविण्यात आली, आणि विद्यार्थ्याला तेथे पोहोचल्यावर दरमहा तिचा बारावा हिस्साच काढता येतो. अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद पाहिल्याशिवाय विद्यापीठ आय-२० हे प्रपत्र देत नाही. पुढे मुलाखतीतही खर्च कोण करणार, हा प्रश्न विचारला जाऊ शकतो.

लबाडी उघडकीस आली तर केवळ अर्ज फेटाळला जातो आणि शुल्क बुडते, एवढ्यावर भागत नाही. ब्रिटनमध्ये फसवणुकीबद्दल दहा वर्षांपर्यंत, तर कॅनडात चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षे दारे बंद होऊ शकतात. अमेरिकेत ही बंदी कायमचीही ठरू शकते. सही अठरा-वीस वर्षांच्या मुलाची असते. सल्ला देणारा एजंट, पैसे फिरवणारे नातेवाईक आणि मान डोलावणारे वडील या साऱ्यांच्या चुकीचा शिक्का त्याच्या एकट्याच्या पारपत्रावर बसतो.

आणि समजा, लबाडी पचली! तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. सप्टेंबरात मुलगी परक्या शहरात उतरते. खोलीची अनामत, भाडे, बसचा पास, थंडीचे कपडे हे सारे पहिल्याच महिन्यात उभे राहते. पंधरा लाख तर कधीच मेहुण्यांकडे परतलेले असतात. मग ती काम शोधते. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला वीस तासांपर्यंतच कामाची मुभा आहे. ती मर्यादा ओलांडली तर व्हिसा धोक्यात येतो, आणि पाळली तर महिना पुरा पडत नाही. घरी फोनवर ती ‘सगळे छान आहे’ असेच सांगते. जी शिल्लक आपण परदेशी अधिकाऱ्याला दाखविली, तिने शेवटी फसविले ते आपल्याच लेकराला.

या नियमांचा जाच प्रामाणिक माणसालाही होतो, हे मान्य केले पाहिजे. आपल्याकडे मध्यमवर्गाची पुंजी जमिनीत, सोन्यात आणि घरात असते. बचत खात्यात पंधरा लाख पडून असणे हे सुखवस्तू घराचेही लक्षण नव्हे. शेतकऱ्याचे उत्पन्न तर हंगामी असते. मात्र यावरचा उपाय उसनवारीचा देखावा हा नसून उघड कर्ज हा आहे. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र अनेक देशांत आर्थिक पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते. अनेक योजनांत परतफेड शिक्षण संपल्यानंतर वर्षभराने सुरू होते. मुख्य म्हणजे मंजूर झालेला पैसा खरोखर मिळतो. तो शुक्रवारी परत जात नाही.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आठवते. १९१३ साली ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. एवढ्या प्रज्ञेच्या माणसालाही पैशापुढे थांबावे लागले. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी केली, बचत केली, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राकडून कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. मधली तीन वर्षे वाया गेली, असे कोण म्हणेल?

म्हणून पालकांना नम्रपणे सुचवावेसे वाटते. व्हिसाचा अर्ज भरण्यापूर्वी एका संध्याकाळी मुलासह सारे कुटुंब एकत्र बसा. संपूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च कागदावर मांडा. आपले किती, कर्ज किती, आणि रुपया घसरला तर काय, हे त्याच्या समक्ष लिहा. बेरीज जमत नसेल तर एक वर्ष थांबा, कमी खर्चाचा देश निवडा किंवा शिष्यवृत्तीसाठी पुन्हा प्रयत्न करा. परदेशी अधिकारी तो हिशेब जेमतेम काही मिनिटे पाहील, पण मुलाला त्यावर दोन वर्षे जगावयाचे आहे.