वॅट फार, ओढ कमी

वॅट या शब्दाइतका साधा दिसणारा आणि भल्याभल्यांना गंडवणारा दुसरा शब्द माझ्या पाहण्यात नाही. मी कॉमर्सचा पदवीधर. विज्ञानाशी आमचा संबंध उडालेला फ्यूज बदलण्यापुरता. तरीही हे मी ठासून सांगतो, कारण वॅट हा विज्ञानाचा विषय नसून हिशेबाचा आहे. यंत्र वीज खातं किती, त्याचा तो आकडा. यंत्र काम किती करतं, तो आकडा वेगळा. बँकेतल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पगार आणि काम यांची गाठ पडेलच असं नाही, हे कुठल्याही शाखेत दुपारी अडीचच्या सुमाराला येऊन कोणीही पाहावं.

असं असूनही व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला निघालेला प्रत्येक कुटुंबप्रमुख दुकानात शिरल्याबरोबर छाती पुढे काढून विचारतो, "किती वॅटचा आहे?" दुकानदार म्हणतो, "दोन हजार." झालं! पैलवानाचं वजन ऐकल्यासारखा आमचा गृहस्थ खूश होतो. पैलवान कुस्ती खेळतो की नुसता दूध पितो, हे विचारायचं त्याच्या मनातसुद्धा येत नाही.

या वादात मी उतरलो तो सशांपायी. माझी थोरली बहीण अकोल्याला असते. भाच्याने हट्ट करून सशांची जोडी आणली. एकीचं नाव सरकी, दुसऱ्याचं बोंड. वऱ्हाडातल्या पोराला पांढऱ्या वस्तूसाठी दुसरं नाव सुचणार तरी कुठलं? सहा महिन्यांनी ताईचा अमरावतीला फोन आला.

"काय सांगू भाऊ तुले, पोयीले बी केस, वरनात बी केस! पाहुना आला का त्याच्या काळ्या प्यांटीची पांढरी करून पाठवतो आम्ही. मशीन घ्याव म्हनतो. तू बँकेत हायस. किती वॅटची घेऊ?"

बँकेतल्या माणसाला जगातलं सगळं कळतं, ही अकोल्याची श्रद्धा मी मोडली नाही. मात्र वॅट सांगायला साफ नकार दिला.

आधी शत्रू ओळखू या. ससा ऋतू पालटताना वर्षातून दोनदा भरघोस केस टाकतो. घरात दिव्यांच्या उजेडात राहणाऱ्या सशाचं हे वेळापत्रक बिघडतं आणि मग तो बारा महिने हप्त्याहप्त्याने टाकत राहतो. त्यात आमचा उन्हाळा. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की अकोल्यात माणसं कूलरसमोरून हलत नाहीत. तिशी ओलांडली की सशाचा जीव कासावीस होतो, तेव्हा तोही तिथेच. कूलरचा झोत सशावरून जातो आणि केसांची टपाल-वाटणी घरभर करतो.

हे केस किती बारीक? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. अंगोरा सशाची लोकर १२ ते १६ मायक्रॉन. आणि कापसाचा तंतू? तोही त्याच घरातला, ११ ते २२ मायक्रॉन. थोडक्यात, ससा म्हणजे चार पायांचं कापसाचं बोंडच. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरी दाढी येते, ती पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला उडत्या तंतूबद्दल बाहेरच्याने शिकवू नये. असा तंतू जोराला भीत नाही. उलट तुम्ही जितक्या जोराने त्याच्याकडे धावाल, तितका तो पुढे पळतो. पुष्कळ यंत्रं पुढच्या तोंडाने ओढतात आणि मागच्या झरोक्यातून तितक्याच आवेशाने हवा फेकतात. ती हवा फरशीला लागली की केस आधीच पलंगाखाली पसार. वॅट जितके जास्त, तितका तो पलंग दूर.

वॅटांचा हा फुगा युरोपने कायद्याने फोडला आहे. युरोपीय संघाने २०१४ साली घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर १६०० वॅटची मर्यादा घातली आणि २०१७ साली ती ९०० वर आणली. आवाजही ८० डेसिबलच्या आत हवा, असं बजावलं. तिथल्या गालिच्यांवर म्हणून काही धूळ साचून राहिली नाही. दोन हजार वॅटचं यंत्र तासाला दोन युनिटं जाळतं, नऊशेचं एक युनिटही नाही. ओढ ठरते ती हवा किती वाहते आणि किती जोराने खेचली जाते यावर, म्हणजेच पंखा, नळी आणि फटी कशा आहेत यावर. गळक्या नळीला मोठी मोटर लावणं म्हणजे बुडीत खात्याला आणखी कर्ज देणं.

दुसरी गंमत याच युरोपातली. यंत्रांवर लावायची गुणपट्टी ज्या चाचणीतून ठरे, ती चाचणी रिकाम्या पिशवीवर होत असे. डायसन कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि २०१८ साली त्या गुणपट्टीचा नियमच रद्द झाला. रिकाम्या पिशवीवर कोणतंही यंत्र ओढतं हो! महिन्याच्या एक तारखेला कोणताही नवरा उदार असतो. खरी परीक्षा पंचवीस तारखेला. सशाचे केस वजनाला काही नसतात, पण जागा फार अडवतात. पिशवी पाहता पाहता भरते, गाळणीवर लव बसते आणि तुमच्या दोन हजार वॅटांना धाप लागते.

आपल्याकडे हे यंत्र दारात आलं ते टाय लावून. युरेका फोर्ब्स ही कंपनी १९८२ साली निघाली आणि घरोघर प्रात्यक्षिकं सुरू झाली. प्रात्यक्षिक ही गोष्ट वाईट नाही. पण ते पाहताना डोळे यंत्राच्या तोंडावर असतात, आणि नाक मात्र यंत्राच्या पाठीशी. ते नाक कोणाचं, हा माझा खरा प्रश्न आहे.

ताईकडे एका दुकानातला पोरगा दोन हजारवालं यंत्र दाखवायला घेऊन आला. त्याने बटण दाबलं. सरकी आणि बोंड कपाटामागे गेले. सशाला चाळीस हजार हर्ट्‌झच्या पुढचेही आवाज ऐकू येतात, आपली धाव विसापर्यंत. आपल्याला घरघर वाटते तिथे त्याला आणखी काय काय ऐकू येत असेल, ते त्याचं त्याला ठाऊक. पण पाच मिनिटांनी ताईच्या सासूबाईंनी पदर नाकाला लावला. या बाईंनी तरुणपणी जिनिंगात कापूस वेचला आहे. छाती तेव्हापासून नाजूक. त्या म्हणाल्या, "मायबाई, हे त जिनिंगच झालं!"

पोरगा म्हणाला, "आजी, फरशी पाहा नं, कशी चकचक करून राह्यली."

आजी म्हणाल्या, "फरशी पाहू का श्वास घेऊ, बापा?"

या एका वाक्यात सगळा विषय आला. कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. साप्ताहिक सुट्टीनंतर कामगार गिरणीत परत आला की सोमवारी छाती सर्वांत जास्त आवळते, अशी त्याची खूण. (सोमवारी छाती आवळणं हे आमच्या बँकेतही आहे, पण त्याला अजून नाव मिळालेलं नाही.) सशाचं म्हणाल तर त्रास दिसणाऱ्या केसापेक्षा न दिसणाऱ्या ऐवजाचा जास्त. लाळ, मूत्र आणि कातडीचा कोंडा यांतले कण केसावर स्वार होऊन फिरतात. यंत्र केस पोटात ठेवतं आणि गाळणी हलकी असेल तर हे कण मागून हवेत परत करतं. खाली पसरलेली धूळ उचलून नाकाच्या उंचीवर आणून ठेवायला वर पैसे मोजायचे, याला मी सफाई म्हणत नाही.

हे यंत्र मुळात श्वासासाठी जन्मलं, हे विकणाऱ्यांनी विसरू नये. १९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने काढलेलं यंत्र घोडागाडीवर बसून दारापर्यंत येई आणि खिडकीतून नळ्या आत सोडी. पण घरात हातात धरायचं यंत्र केलं ते अमेरिकेत ओहायोतल्या जेम्स मरे स्पँग्लरने, १९०७ साली. हा इमारत झाडणारा साधा माणूस. त्याला दमा होता, झाडताना धूळ सोसेना. म्हणून त्याने मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र रचलं. पुढे ते हूव्हरने घेतलं आणि जगभर पोचवलं. त्या दमेकऱ्याच्या यंत्रात पहिला मान पिशवीला होता. आज खोक्यावर वॅट मोठ्या अक्षरात असतात आणि गाळणीचा उल्लेख मुंगीच्या अक्षरात.

म्हणून सशाच्या घरासाठी माझं मत स्पष्ट आहे. बंद पिशवीचं यंत्र घ्या. बिनपिशवीच्या यंत्राचा डबा कचऱ्यात उपडा करताना निम्मी लव उपडी करणाऱ्याच्या तोंडावर येते. पाण्याच्या टाकीचं यंत्र धूळ बरी धरतं, पण टाकी लगेच धुवावी लागते. सशाचे केस ओले होऊन चोळले की त्यांचा जाड नमदा बनतो. साहेब लोकांच्या फेल्ट हॅटा त्यातूनच होतात, आणि आपल्याला टोप्यांचा धंदा काढायचा नाही. गाळणी हेपा हवी. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते ती हेपा. खोक्यावर 'हेपासारखी' असं लिहिलेलं असेल तर परत फिरा. बँकेत 'सहीसारखी' सही चालत नाही. गाळणीच्या कडेने हवा निसटत नाही ना, तेही पाहा. जाळीचा दरवाजा लावून खिडकी उघडी ठेवणारे शहाणे कारखान्यातही असतात. आपोआप फिरणारा रोबो सशाच्या घरात नकोच. लेंड्या, गवताच्या काड्या आणि केस यांचा काला करून तो घरभर सारवण घालतो. आणि किंमत विचाराल तेव्हा पाच वर्षांच्या पिशव्या आणि गाळण्या धरून बेरीज करा. स्वस्त यंत्राची पिशवी बाजारातून गायब झाली की ते यंत्र संपूर्ण घसाऱ्यात जमा.

परीक्षा कशी घ्यावी? आपल्याकडे त्याचं साहित्य फुकट आहे. ताई मुठीत रुई घेऊन दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "ताई, कापसाचा भाव विचाराचा असन त बाजार समितीत जा." पण तिने थोडी रुई फरशीवर टाकली आणि थोडी यंत्राच्या पाठीमागे धरली. पुढची पळाली आणि मागची उडाली तर यंत्र नापास. तीन यंत्रं नापास झाली. चौथं पास झालं, ते सर्वांत कमी वॅटचं होतं.

आता काही मंडळी म्हणतील, फड्याच्या मुलखात ही थेरं कशाला? खराट्याची थोरवी आम्हाला कोणी सांगू नये. गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मले, त्यांची समाधी अमरावतीत आहे, विद्यापीठालासुद्धा त्यांचंच नाव आहे. पण बाबांनी खराटा स्वतः हातात धरला, बायकोच्या हातात देऊन वर्तमानपत्र वाचत बसले नाहीत. शिंदीच्या फड्याने सशाची लव उडते आणि झाडणारीच्या नाकात जाते. उघड्या फरशीला ओलं फडकं सर्वांत उत्तम, हे मीही मान्य करतो. गादी, सोफा, पडदे आणि कूलरची जाळी यांना फडकं पुरत नाही, तिथे यंत्र. आणि ते निवडण्याचा हक्क ज्याच्या हातात नळी आणि ज्याच्या छातीत हवा जाणार त्याला. वॅट विचारणारा बहुतेक वेळा या दोहोंपैकी कोणीच नसतो.

शेवटी ज्याच्यासाठी हे सारं, त्या जनावराचंही एक म्हणणं आहे. ससा अंग चाटतो, केस पोटात जातात, आणि सशाला उलटी करता येत नाही. गवत कमी पडलं, आतडी मंदावली, की तेच केस आत गोळा होऊन बसतात. यंदा चैत्रात बोंडने एका संध्याकाळी गाजर हुंगून सोडून दिलं. घरात म्हणाले, उन्हाने झालं असेल. भाच्याने मात्र पिंजरा पाहिला, लेंड्या नव्हत्या. बारा तास उपाशी ससा म्हणजे थांबायची वेळ नव्हे, हे पोराला ठाऊक होतं. त्याने रात्रीच डॉक्टर गाठला म्हणून बोंड आज हिंडतो आहे. त्या रात्री नवंकोरं यंत्र कोपऱ्यात उभं होतं. सोफा स्वच्छ होता. सशाच्या पोटात जाणारे केस जगातलं कोणतंही यंत्र ओढून काढत नाही, आणि कोणी यंत्राची नळी थेट सशाच्या अंगाला लावायला सांगितली तर त्याला आधी स्वतःच्या मिशीला लावून दाखवायला सांगावं.

केस जमिनीवर पडण्याआधी काढणं, हाच यातला स्वस्त मार्ग. झड सुरू झाली की रोज दहा मिनिटं मऊ फणी, पुढ्यात भरपूर गवत आणि पाणी. निम्मं काम तिथेच संपतं, उरलेल्याला साधं यंत्रही पुरतं. अडचण इतकीच की फणीवर वॅट छापलेले नसतात. म्हणूनच ती विकायला टाय लावून दारात कोणी येत नसावं.