दाराबाहेर उभे असलेले मूल

शाळेतील शौचालय हा काही साहित्यिक त्रैमासिकाचा विषय नव्हे, असे म्हणून काही वाचक हे पान उलटतील. त्यांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. जन्माच्या दाखल्यावर मुलगा म्हणून नोंदलेले, पण स्वतःला मुलगी मानणारे, किंवा याच्या उलट, असे एखादे मूल मधल्या सुटीत कोणत्या दारातून आत जात असेल? पुष्कळदा ते कोणत्याच दारातून जात नाही. सकाळपासून पाणी पिण्याचे टाळते, लघवी दाबून धरते आणि शाळा सुटताच घराकडे धाव घेते. अशाने मूत्रमार्गाचे विकार जडतात, हे कोणताही डॉक्टर सांगेल.

‘हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण १५ एप्रिल २०१४ रोजी आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले आणि त्यांच्यासाठी सार्वजनिक शौचालयांची सोय करण्यास सरकारांना बजावले. २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांतील भेदभावास मनाई केली. २०२१ साली एन.सी.ई.आर.टी.ने या मुलांविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच ती संकेतस्थळावरून काढण्यात आली. मुले मात्र वर्गातच राहिली.

‘पण ख्रिस्तसभेची शिकवण?’ असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. देवाने मानवाला नर व नारी असे निर्माण केले, ही आपली श्रद्धा आहे. २०१९ व २०२४ साली व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजांत लिंगभावविषयक सिद्धांतांवर कठोर टीका आहे. आम्ही ती नाकारीत नाही. परंतु २०१९ च्या त्याच दस्तऐवजात, कोणत्याही मुलाला त्याच्या वेगळेपणामुळे छळ, अपमान वा अन्याय्य भेदभाव सोसावा लागू नये, असेही बजावले आहे. शिकवणीचे अर्धे पान वाचून उरलेले अर्धे झाकून ठेवणे ही निष्ठा नव्हे. सिद्धांताचा वाद मोठ्यांनी खुशाल घालावा. त्याचा निकाल लागेपर्यंत एखाद्या मुलाने लघवी दाबून बसावे, असे कोणत्याही पोपने सांगितलेले नाही.

आपल्या मुलींच्या सुरक्षिततेची काळजी करणाऱ्या मातांना आम्ही दोष देत नाही. उलट, त्यांच्या काळजीतच उत्तर दडले आहे. एकाच व्यक्तीसाठी बांधलेली खोली, तिला पूर्ण दार, आतून कडी आणि आत पाणी, एवढी सोय केली की कोणाच्याही लज्जेला धक्का पोहोचत नाही. पाळी आलेली मुलगी, अपंग विद्यार्थी, उघड्या मुताऱ्यांच्या रांगेत उभे राहण्यास संकोचणारा मुलगा, सर्वांनाच ती हवी असते.

मात्र ही खोली ‘त्या’ मुलासाठीच राखून त्यावर बोट दाखवू नये. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात गेव्हिन ग्रिम या विद्यार्थ्याला २०१४ साली शाळा मंडळाने मुलांच्या शौचालयाची बंदी केली व वेगळ्या खोलीत जाण्यास सांगितले. तेथे जाणे म्हणजे रोज सर्वांदेखत वाळीत पडणे होते. तो न्यायालयात गेला, आणि २०२० साली अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे गावकीत वाढलेल्या आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून खोली सर्वांना खुली असावी, आणि तिच्यात जाणाऱ्याला कोणी कारण विचारू नये.

‘पैसा कोठून आणायचा?’ फेस्ताच्या मांडवासाठी आणि रोषणाईसाठी आपण पैसा आणतोच. पुढच्या पालक-शिक्षक सभेत एका तरी पालकाने हा विषय काढावा आणि व्यवस्थापनाने त्याला उत्तर द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.

प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाचा षंढ अधिकारी फिलिपाला विचारतो, माझ्या बाप्तिस्म्याला आता अडचण ती कोणती? मंदिराच्या नियमांनी ज्याला दूर ठेवले होते, त्याच्यासह फिलिप पाण्यात उतरला. आपल्या शाळेतले मूल तर याहून फार थोडे मागत आहे. त्याला फक्त एक दार हवे आहे, आतून कडी लागणारे.