प्रश्नावली कोणाच्या हातात?

एम.ए.च्या अभ्यासक्रमात 'सामाजिक संशोधन पद्धती' नावाचा एक पेपर असतो. आपल्या मुलामुलींत हा पेपर बदनाम आहे. गाईड आणायचे, गृहीतकृत्याची व्याख्या, नमुना निवडीचे प्रकार, प्रश्नावली आणि मुलाखत यांतील फरक एवढे पाठ करायचे आणि पेपर काढायचा. लघुप्रबंधासाठी मागच्या बॅचमधल्या कोणाचा तरी प्रबंध घ्यायचा आणि गावाचे नाव बदलायचे. त्यातही जे कार्यकर्ते म्हाताऱ्या माणसांत काम करतात, गोळ्या पोचवतात, पाठीच्या जखमा धुतात, तहसीलच्या चकरा मारतात, त्यांना वाटते की आपल्या कामाचा आणि या पेपरचा काडीचा संबंध नाही. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले आणि धाराशिव जिल्ह्यात वृद्धांमध्येच काम करतो. आमचे म्हणणे याच्या नेमके उलटे आहे. वृद्धांची सेवा करणाऱ्याला संशोधन पद्धती आली नाही, तर त्याच्या डोळ्यांदेखत माणसे सरकारी कागदावरून पुसली जातात आणि त्याला ते सिद्ध करता येत नाही.

अगदी साध्या गोष्टीपासून सुरुवात करू. वय. श्रावणबाळ योजनेसाठी वय 65 पूर्ण लागते आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत लागते. महिन्याला मिळतात 1,500 रुपये. आता आपल्या वस्तीतल्या आज्जीचे वय कोणी ठरवले? हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचा शाळा सोडल्याचा दाखला कुठून येणार? आधार काढताना समोरच्याने अंदाजाने आकडा टाकला, तारीख 1 जानेवारी टाकली आणि तेच तिचे वय झाले. समजा, एखादी बाई 1972 च्या दुष्काळात पहिले लेकरू पाठीशी बांधून खडी फोडत होती. तेव्हा ती अठरा-वीस वर्षांची धरली, तरी आज सत्तरीच्या पुढे आहे. आधारवर मात्र ती 61 वर्षांची असू शकते. म्हणजे आणखी चार वर्षे पगार नाही.

तिला सरळ वय विचारले तर उत्तर येते, "काय की बाबा." पण लोकसंख्याशास्त्रात यावर एक जुनी पद्धत आहे. माहीत असलेल्या घटनांची दिनदर्शिका करायची आणि त्या प्रत्येक घटनेच्या वेळी माणूस कोणत्या अवस्थेत होता ते विचारायचे. आपल्या जिल्ह्यासाठी ही दिनदर्शिका आपल्यालाच करावी लागेल. फेब्रुवारी 1941 मध्ये कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. 1948 चा रझाकारांचा काळ आणि पोलीस अॅक्शन. 1956 ची धम्मदीक्षा आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच झालेले महापरिनिर्वाण. 1972 चा दुष्काळ, सुकडी आणि लाल मिलो ज्वारी. 1978 चा नामांतराचा ठराव आणि त्यानंतरची जाळपोळ. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप. परकर-पोलकं होतं का? लग्न झालं होतं का? थोरलं लेकरू किती मोठं होतं? अशी पाच-सहा उत्तरे एकमेकांशी ताडून पाहिली की वयाचा पल्ला दोन-तीन वर्षांच्या आत येतो. योजनेच्या नियमात मतदार यादीतील किंवा शिधापत्रिकेतील वयाचा उतारा चालतो, ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने दिलेला वयाचा दाखलाही चालतो. आपली नोंद हा काही सरकारी पुरावा नव्हे. पण नुसती आज्जी घेऊन डॉक्टरांसमोर उभे राहणे आणि ताडून पाहिलेली लेखी नोंद घेऊन उभे राहणे यात फरक आहे. हीच ती संशोधन पद्धती, जिचा पेपर आपण गाईडवर काढतो.

दुसरी गोष्ट मोजपट्टीची. वृद्धांची स्मरणशक्ती तपासण्यासाठी 1975 पासून जगभर एक 30 गुणांची चाचणी वापरली जाते. त्यात आजची तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, एक वाक्य लिहायला सांगतात, आकृती पाहून काढायला सांगतात. जिच्या हातात जन्मात पाटी-पेन्सिल आली नाही, तिचे गुण इथेच गेले. मग शेरा काय पडणार? बुद्धी मंदावली! पिढ्यान् पिढ्या शिक्षण नाकारायचे आणि त्या नकाराची मोजदाद तिच्या मेंदूचा आजार म्हणून करायची, असा हा प्रकार होतो. आपल्याच देशात, हरियाणातील बल्लभगड भागात, निरक्षर वृद्धांना लागू पडेल अशी हिंदी चाचणी तयार झाली आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे मोजपट्टी बदलता येते. पण ती चुकीची आहे हे ओळखायला मोजपट्टी म्हणजे काय, तिची सप्रमाणता म्हणजे काय, हे आधी कळले पाहिजे.

रोजच्या कामांच्या मोजपट्टीचेही तसेच. आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, उठणे-बसणे, मलमूत्रावरील ताबा, जेवणे अशा सहा गोष्टी 1963 पासून विचारल्या जातात. "शौचाला स्वतः जाता का?" याला उत्तर 'होय' आले की तक्त्यात बाई स्वावलंबी ठरते. शौचालय घरात आहे का, की ती काठी टेकत अंधारात जाते, की जावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही? हे प्रश्न ज्याने तिचे घर पाहिले आहे त्यालाच सुचतात. म्हणून आम्ही म्हणतो, अंथरूण बदलणाऱ्या हाताने प्रश्नही लिहिला पाहिजे.

तिसरी गोष्ट नमुना निवडीची. ज्येष्ठ नागरिकांवरचे सोयीचे सर्वेक्षण कसे होते? शहरातील ज्येष्ठ नागरिक संघात जायचे, तिथे सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त शिक्षकांना आणि कारकुनांना प्रश्न विचारायचे आणि निष्कर्ष काढायचा की वृद्धांची मुख्य समस्या एकटेपणा आहे. किंवा निराधार योजनेच्या लाभार्थ्यांची यादी घ्यायची आणि त्यातून नमुना काढायचा. पण ज्याला पगार मिळालाच नाही तो त्या यादीत असेल कसा? यादी कोणाची आहे आणि यादीबाहेर कोण आहे, हा प्रश्न आंबेडकरी कार्यकर्त्याने पहिल्यांदा विचारला पाहिजे.

काळाचाही नमुना असतो. भूम, परंडा, वाशी, कळंब भागातून कोयते दिवाळीच्या आसपास कारखान्याकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधल्या काळात वस्तीत उरतात म्हातारी माणसे, शाळेतली नातवंडे आणि शेळ्या. तोच सर्वे जूनमध्ये केला तर 'मुलासोबत राहतात' असे उत्तर येते. जानेवारीत केला तर चूल कोण पेटवते ते दिसते. उमरगा-लोहाऱ्याकडच्या पुनर्वसित गावांत आणखी निराळे चित्र आहे. भूकंपात ज्यांची कर्ती लेकरे गेली ते आईबाप आता ऐंशीच्या घरात आहेत. 2007 चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा मुलांकडून महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देववतो. मूलच उरले नाही किंवा मुलगाच उचल घेऊन फडावर आहे, तिथे हा कायदा कोणाकडून काय देववणार? जिल्ह्याची सरासरी काढली की हे सगळे एका आकड्यात बुडते.

आता चळवळीतून येणाऱ्या दोन आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप असा की लोक मरत आहेत आणि तुम्ही सर्वे काय करता, मोर्चा काढा. मोर्चा काढलाच पाहिजे. पण बाबासाहेबांनी या दोन गोष्टी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. त्या चौकशीच्या दौऱ्यात 1929 साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला, अननुभवी माणसाने टांगा हाकला आणि अपघातात त्यांच्या पायाला गंभीर दुखापत झाली. म्हणजे ज्या वर्षांत महाड आणि काळारामचे लढे उभे राहत होते, त्याच वर्षांत बाबासाहेब गावोगाव माहिती गोळा करीत होते. जयंतीला त्यांच्या पदव्या मोजणाऱ्यांनी त्यांची ही शिस्तही उचलली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. संशोधक आले, आमची दुःखे लिहून नेली, त्यांना पदवी मिळाली, वस्ती आहे तिथेच आहे. गोपाळ गुरू यांनी 2002 मध्येच दाखवून दिले की भारतीय समाजशास्त्रांत सिद्धांत मांडणारे एक आणि माहिती गोळा करणारे दुसरे, अशी जातीसारखी उतरंड आहे. पण यावर उपाय संशोधनाकडे पाठ फिरवणे हा नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या म्हाताऱ्या झालेल्या बायकांना शोधून काढले, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. त्या मुलाखती तेव्हा झाल्या नसत्या तर त्या बायकांचा लढा त्यांच्यासोबतच गेला असता. आज मराठवाड्यात 1956 आणि 1978 आठवणारी माणसे अंथरुणाला खिळली आहेत. आपण त्यांना फक्त 'लाभार्थी' म्हणून भेटतो, ही चळवळीची हानी आहे.

मात्र आपली माणसे आहेत म्हणून सगळे माफ, असे नाही. जो रोज औषध आणून देतो त्याने "मुलाखत देता का आज्जी?" असे विचारले तर ती नाही कशी म्हणेल? म्हणून सेवेची वेळ आणि मुलाखतीची वेळ वेगळी ठेवली पाहिजे. नाही म्हटले तरी औषध येणारच, हे तिला तिच्या बोलीत सांगितले पाहिजे. अंगठा घ्यायचा तर साक्षीला तटस्थ माणूस पाहिजे. सून ऐकत असताना सुनेविषयी विचारू नये. आणि स्वतःच्या वस्तीबाहेर पडले पाहिजे. बौद्ध कार्यकर्त्याने फक्त बौद्ध वृद्ध मोजले आणि मातंग, पारधी, गरीब मुसलमान म्हातारे सोडले, तर प्रस्थापितांनी आपल्याबाबत जे केले तेच आपण त्यांच्याबाबत केले असे होईल.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे 9.9 टक्के लोक होते, देशात 8.6 टक्के. त्यानंतर जनगणनाच झाली नाही. पुढची 2027 मध्ये आहे आणि तीत जातही मोजली जाणार आहे. ते तक्ते येतील तेव्हा ते वाचणारी, त्यांतील गाळलेल्या जागा दाखवणारी पोरे आपल्याकडे असणार आहेत का?

तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, धाराशिवला बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तिथे शिकणाऱ्यांनी संशोधन पद्धती मराठीत शिकवण्याचा आग्रह धरावा. क्षेत्रात काम करणाऱ्यांची नोंदवही लघुप्रबंधासाठी ग्राह्य धरावी, अशी मागणी करावी. आणि विद्यापीठाची वाट न पाहता एका विहारात पाच जणांनी बसावे. एका गावातील साठीच्या पुढची सर्व माणसे, सर्व जातींची, घरोघर जाऊन लिहावीत. दिवाळीआधी एकदा आणि संक्रांतीनंतर एकदा तेच प्रश्न विचारावेत. वय, पगार, चूल, शौचालय, औषध, सोबत. आलेली माहिती आधी त्याच वस्तीत वाचून दाखवावी, चुकले असेल तर त्याच लोकांनी दुरुस्त करावे, आणि मग तो कागद घेऊन तहसीलवर जावे. त्या मोर्चाला नुसते 'न्याय द्या' म्हणून परत पाठवता येणार नाही. कारण किती जणांना, कोणत्या कारणाने, कधीपासून न्याय मिळाला नाही हे त्या कागदावर लिहिलेले असेल.

जयभीम!